नव्या आव्हानांपाशी बंद पडणारा कॉम्प्युटर

ताई सराव करत होती आणि कॉम्प्युटर जीव टाकत होता. सकाळपासून हेच चाललं होतं. "मी नव्या आव्हानांच्या शोधात होते, म्हणून आधीची नोकरी सोडली," असं ताई पडद्याकडे बघून हसत म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा. आवाज नाही, सूचना नाही, निरोप नाही. काळ्या पडद्यात ताईचं हसू तेवढं उरायचं, तेही आवरतं घेतलेलं.

मुलाखत दुपारी होती, याच टेबलावर, याच कॉम्प्युटरवर. फोनवरून चालेल का, असं विचारल्यावर कंपनीने "शक्यतो नको" असं कळवलं होतं. नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते आणि बोलावणं आलेली ही पहिलीच कंपनी होती.

घरातला तंत्रज्ञ म्हणजे धाकटा. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने एकदा न फाडता बाहेर काढला होता, तेव्हापासून हे पद त्याच्याकडे होतं. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि परत बसवली. हे का करतात ते त्याला माहीत नव्हतं, पण सगळे करतात.

"तापत असणार," तो म्हणाला.

"तापेल नाही तर काय," बाबा म्हणाले. "सकाळपासून तेच वाक्य ऐकतोय बिचारा. मीसुद्धा बंद पडायच्या बेतात आहे."

शंका फेडायला धाकट्याने एक जड गेम लावला. डबा विमानासारखा घोंघावला, पण टिकला. तपासणीत कसूर नको म्हणून तो आणखी बराच वेळ खेळत राहिला. शेवटी ताईने त्याला कान धरून उठवलं आणि स्वतः बसली.

"मी नव्या आव्हानांच्या—"

काळोख.

"थांब," धाकटा म्हणाला. "आता नाव सांग. शिक्षण सांग. कुठे कामाला होतीस ते सांग."

ताईने सगळं सांगितलं. कॉम्प्युटर सुखात चालू होता.

"आता का सोडलीस ते सांग."

गेला.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताई एका लिफ्टच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहायची. एक बाई एकाच बंद लिफ्टबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत होत्या. 'आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे' या ठरलेल्या मजकुराऐवजी ताईने त्यांना कळवलं, 'तो सुटा भाग बनणं बंद झालंय. तो येणार नाही. जिना वापरा, नाहीतर दुसरी कंपनी बघा.' बाईंनी दुसरी कंपनी बघितली. मग ताईलाही बघावी लागली.

"ताई, हा खोटं ओळखतो," धाकटा म्हणाला.

"काहीतरीच."

"बरं, मग म्हण, माझा भाऊ हुशार आहे."

ताईने म्हटलं. कॉम्प्युटर गेला.

धाकट्याने बटण दाबून तो परत चालू केला. "मी मनाला लावून घेत नाहीये," तो म्हणाला. "हा प्रयोग आहे."

बाबांना चेव आला. "उठ गं, मी बसतो." ते खुर्चीत रेलले आणि खाकरून म्हणाले, "मी घोरत नाही. व्यायामाची सायकल मी रोज चालवतो. तुमच्या आईला विचारल्याशिवाय मी या घरात काहीही विकत आणलेलं नाही."

कॉम्प्युटर ढिम्म. पंखासुद्धा त्याच सुरात.

"एवढं पचवलं म्हणजे पॉवर सप्लाय दणकट आहे," धाकटा म्हणाला.

"मग काय फक्त माझंच खोटं पकडतो?" ताईने विचारलं. खरं तर तिला राग यायला हवा होता, पण भलतंच कुतूहल वाटायला लागलं होतं. ती परत खुर्चीत बसली आणि कुणी न सांगता म्हणाली, "मला ही नोकरी हवी आहे."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. पडदा उजळलेलाच राहिला.

आई इतका वेळ दारात टॉवेलच्या घड्या घालत उभी होती. "तिच्या पायाकडे बघा की," ती म्हणाली. "तू टेबलाखाली जा रे. आणि तू म्हण गं ते मघाचं."

धाकटा खाली शिरला. "मी नव्या आव्हानांच्या शोधात होते," ताई म्हणाली, आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा आपणहून पुढे सरकला, वायरीला बिलगला आणि तिला अलगद ओढू लागला. एक्स्टेन्शन बोर्डातली सैल पिन जराशी हलली. काळोख.

"लहानपणापासून अशीच," आई म्हणाली. "खोटं बोलली की अंगठ्याने काहीतरी धरते. चटई, चादर, एकदा तर मांजराचं शेपूट."

"म्हणजे बरणी मी फोडली हे तुला..."

"मांजर ओरडलं तेव्हाच."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर मला पुढचं कसं कळलं असतं?"

धाकट्याने पिन थेट भिंतीतल्या सॉकेटात घट्ट बसवली, वायर टेबलामागून नेली आणि चिकटपट्टीने पक्की केली. आता कॉम्प्युटर काहीही ऐकून घ्यायला तयार होता.

दुपारी पडद्यावर दोघं जण आले. एक गृहस्थ प्रश्न विचारत होते आणि एक बाई खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. कंपनी पाणी तापवायच्या टाक्या बनवायची आणि त्यांनाही तक्रारींना उत्तरं देणारं माणूस हवं होतं.

"आधीची नोकरी का सोडलीत?" गृहस्थांनी विचारलं.

ताईने हसू चढवलं. टेबलाखाली अंगठा निघाला. उजवीकडे जाऊन आला, डावीकडे जाऊन आला, त्याला काहीच सापडेना. वाक्य ओठांवर येऊन खोळंबलं. धरायला काहीच नसताना खोटं कसं बोलतात, हे शिकायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"सोडली नाही," ती म्हणाली. "मला काढलं." आणि तिने लिफ्टची सगळी हकीकत सांगून टाकली.

दाराबाहेर बाबांनी कपाळावर हात मारला. आवाज आत ऐकू आला.

बाईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. "त्या तक्रारवाल्या बाईंची लिफ्ट आता चालते?"

"चालते. दुसऱ्या कंपनीची आहे. त्यांनी मुद्दाम कळवलं."

"आमची एक टाकी शिट्टी वाजवते," बाई म्हणाल्या. "लोक विचारतात, काय करायचं. तुम्ही काय लिहाल?"

"शिट्टी थांबणार आहे का?"

बाईंनी गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थांनी टेबलाकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले.

"मग नाही असंच लिहीन. आणि टाकी बदलून कधी मिळेल तेही. मिळणार नसेल, तर तसं."

दोघांनी आवाज बंद केला आणि ते आपसात बरंच बोलले. ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती, पण काही पत्ता लागत नव्हता. मग आवाज परत आला.

"तुम्हाला काही विचारायचंय?" बाई म्हणाल्या.

"हो. या जागेवर आधी कोण होतं, आणि ते का गेले?"

गृहस्थ पडद्याकडे झुकले. "ते सांगतो," ते म्हणाले, "पण आधी तुम्ही येताय का ते सांगा."

ताईने खुर्ची पुढे ओढली.

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली.