पिचर कोण?

"आजपासून माझा सीझन बंद," कॅझकाकाने फोनवर सांगितलं. "उद्यापासून वाट बघू नका."

बाबाने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. मी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला ग्लास पुसत होते, पण काका फोनवर इतका मोठ्याने बोलतो की फ्लीट अव्हेन्यूवरच्या आमच्या बारमध्ये कुठेही उभं राहिलं तरी ऐकू येतं. चौऱ्याण्णव सालचा ऑगस्ट नुकता लागला होता. आमचा क्लीव्हलँडचा बेसबॉल संघ चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी जिंकेल अशी चिन्हं दिसत होती. संघ पार तळाला असतानाही त्याच्यावर रोज पाच डॉलर लावणारा कॅझकाका नेमका याच वर्षी माघार घेत होता.

बाबाने कारण विचारलं.

"पेपर वाचला नाही वाटतं तुम्ही. संघमालकांनी खेळाडूंच्या पेन्शनचा हप्ता अडवलाय."

"लाखोंत लोळणारी माणसं ती. पेन्शनवाचून त्यातलं कोण उपाशी मरणार आहे?"

"पेन्शन ती पेन्शन. मालकाने तिला हात लावला की त्या खेळावर मी पैसे लावत नाही. खेळाडू बारा तारखेला संप करून बाहेर पडतायत. मी आज पडलो."

"तुमची मर्जी," बाबा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हे दोघे सख्खे भाऊ. बाबा धाकटा. लहानपणी एका खाटेवर झोपलेले हे दोघे एकमेकांना अहो-जाहो करतात याचं आमच्या वस्तीत कुणाला नवल वाटत नाही, कारण त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणसाठ साली दोघेही तारेच्या कारखान्यात होते. कारखान्याच्या बेसबॉल संघात बाबा, म्हणजे एडी पाव्लाक, पिचर होता आणि त्याने टाकलेला चेंडू झेलायला मागे काका बसलेला असायचा. त्या वर्षी संप झाला आणि संपातच मी जन्मले, तीही दिवस भरायच्या आत. मी हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत, संप लांबत चाललेला, बिल वाढत चाललेलं. एका सोमवारी बाबा संप मोडून डबा घेऊन कामावर निघाला. फाटकाशी काका फलक धरून उभा होता. लोकांना वाटलं, आता हाणामारी होणार. काका बाजूला सरला आणि म्हणाला, "या साहेब, आत जा. उशीर होईल तुम्हाला."

त्या 'तुम्हाला'वरून दोघे पुन्हा खाली उतरले नाहीत. कित्येक वर्षं तर तेवढंही बोलणं नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला, बाबाने बार काढला आणि कायद्यात बसत नसलं तरी गिऱ्हाइकांच्या पैजा घ्यायला लागला. आजी गेली तेव्हा काकाने दफनविधीची वेळ ठरवायला फोन केला. वेळ ठरली, चर्च ठरलं, तरी फोन कुणी ठेवेना. शेवटी काका म्हणाला, "क्लीव्हलँड. पाच डॉलर."

तेव्हापासून एप्रिल ते ऑक्टोबर रोज सकाळी दहाला फोन. बाबा विचारणार, "पिचर कोण?" हे विचारावंच लागतं, कारण आमच्याकडे पैज पिचरच्या नावावर धरतात. ऐनवेळी दुसराच कुणी चेंडू टाकायला उतरला तर पैज रद्द. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. काका नाव सांगायचा, मग त्या पिचरच्या दुखऱ्या कोपराबद्दल बोलता बोलता स्वतःच्या गुडघ्यावर यायचा, तिथून आयरीनकाकूच्या खोकल्यावर आणि परसातल्या टोमॅटोंवर. हिवाळ्यात काही नाही. दोघांचं नातं असं मोसमी होतं, आणि आता तो मोसमही काकाने मध्येच गुंडाळला होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दहा वाजता फोनजवळ काहीतरी काम काढायला लागला. कधी बाटल्या पुसायच्या, कधी गल्ला नीट लावायचा. मध्येच रिसीव्हर उचलून कानाला लावायचा. फोन चालू आहे ना, एवढंच बघतोय म्हणे. मी त्याला म्हटलं, तूच लाव की फोन.

"मी कशाला? पैज लावणारा फोन करतो. घेणारा कधी करत नाही."

हा आमच्या धंद्यातला नियमच आहे, आणि बाबा तो ढालीसारखा पुढे धरून बसला होता. मला दोघांचाही राग आला. रविवारी सारण भरलेल्या पिरोगीचा डबा घेऊन मी काकाकडे गेले आणि त्याला स्पष्टच विचारलं, बाबाला अजून किती शिक्षा करणार आहेस?

"टेस, मी त्याला शिक्षा करत नाहीये," काका म्हणाला. "तेव्हाही केली नव्हती. संप म्हटला की मला दुसरं काही जमतच नाही गं." मग त्याने विचारलं, "दहाला कुठे असतो तो?"

"फोनपाशी."

तो उठून परसात गेला आणि पिशवीभर टोमॅटो घेऊन आला. कुणासाठी ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बारा तारखेला खेळाडू खरंच बाहेर पडले. बारमध्ये सगळे त्यांना शिव्या घालत होते, एकटा बाबा तेवढा ग्लास भरत राहिला. सप्टेंबरच्या मध्यात जाहीर झालं की सीझन संपला, यंदा अंतिम सामनेसुद्धा होणार नाहीत. आता एप्रिलपर्यंत काही नाही, आणि एप्रिलचाही भरवसा नव्हता. काका सत्तरीला टेकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाबाने हात पुसले आणि नंबर फिरवला. नंबर त्याला कुठे शोधावा लागला नाही.

"काय लावणार आज?"

"आज खेळ नाहीये," पलीकडून काकाचा आवाज आला.

"माहीत आहे मला."

मी नळ बंद केला.

"क्लीव्हलँड," काका म्हणाला. "पाच डॉलर."

"पिचर कोण?"

"एडी पाव्लाक."

बाबा माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. आमच्या घराबाहेर हे नाव पिचर म्हणून कुणाला आठवतही नसेल.

"त्याचा खांदा गेलाय," तो म्हणाला. "हात वर जात नाही त्याचा."

"मग पैज रद्द धर."

धर म्हणाला. 'धरा' नाही. मी नीट ऐकलं, आणि बाबाच्या पाठीवरून कळत होतं की त्यानेही ऐकलं.

"धरतो," बाबा म्हणाला. "उद्या दहाला कर फोन."

त्याने रिसीव्हर ठेवला. मग त्याने उजवा हात हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. हात खांद्यापर्यंत आला, त्याच्या वर गेला नाही. त्याच हाताने त्याने दारावरची पाटी उलटी केली आणि बार उघडला.