मांजर हाय का घरात?

“हे पिच्चर बंद करा, मार्तंडराव.”

ग्यानोबा आडतीवरून तसाच उठून आला होता. धोतराला कापसाचे तंतू चिकटलेले. लातुरात माणिकप्पाच्या सिनेमाच्या तंबूचे दोर सकाळच्या उन्हात आवळणं चाललं होतं आणि मार्तंड बाजूच्या दगडावर बसून चहा पीत होता. पिच्चर त्यानं लिहिलेलं. आपल्या माणसांत बसून ते ऐकावं म्हणून तो कोल्हापुराहून मुद्दाम आला होता.

“माझ्या हातात काय हाय, ग्यानोबा? पिच्चर मालकाचं, तंबू माणिकप्पाचा.”

“अन् बहीण माझी!” ग्यानोबा ओरडला. दोर ओढणारे थांबून बघू लागले. “तुमची भावजय हाय ती, इसरलात का? देवणीचा माणूस बघितला व्हता तिच्यासाठी. बैलांचा व्यापारी. बायको मेलेली, एक लेकरू. पाट लावायचं ठरलं. महानंदा हाव म्हणली व्हती. इतक्या वर्सांनी हाव म्हणली! मी खुशीनं लातूरला आणली, म्हणलं दिराचं पिच्चर लागलंय, बघून जा. तिथंच घात झाला. आखरीचा शीन आला अन् ही उभीच राहिली. मागचे ओरडून राहिले, बसा बाई, बसा. ही बसंना.”

“मंग?”

“मंग काय! म्हणती, ते जित्ते हायत. भावजीला भेटलेत. भेटल्याबिगर भावजी ते लिहूच शकत न्हाईत. तव्हापासून गावाकडं दार उघडं टाकून बसलीय. देवणीचा माणूस पोळ्यापस्तोर थांबतो म्हणला. फुडं न्हाई. तुम्ही चला. तुमच्या तोंडानं सांगा तिला, हे समदं झूट हाय म्हणून.”

मार्तंडनं चहा मातीत ओतला.

शिवलिंग त्याचा थोरला भाऊ. मार्तंडला मिसरूड फुटत होतं त्या वर्षी नांदेडच्या पुढं, भोकरच्या बाजारात, निजामाच्या जवानांनी त्याला उचललं. कुणी म्हणालं सदऱ्यात झेंडा सापडला, कुणी म्हणालं नुसता उलटून बोलला. ठाण्यावर विचारायला गेले तर तिथला अमीन म्हणाला, असा माणूस इथं आलाच नाही. संपलं. मेलेल्याला माती तरी मिळते. शिवलिंगला सरकारनं नुसता पुसून टाकला. आई वाट बघत बघत गेली. मार्तंड उर्दू शाळेच्या चार इयत्ता मागं टाकून पळाला, कोल्हापुरात एका स्टुडिओत सेट झाडायला लागला आणि झाडता झाडता लिहायला लागला.

तिथले शिकलेले लेखक टेबलाशी बसून भाषणं लिहीत. पानभर भाषण, मग टाळी, मग गाणं. मार्तंडला ते जमलं नाही आणि जमावं असं वाटलंही नाही. त्याला माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. रिकाम्या सेटवर जाऊन तो दार लोटायचा, चप्पल ओढत चालायचा, घागर टेकवायचा. तो आवाज कागदावर उतरवायचा आणि मग त्या आवाजामागं कोण उभं आहे ते लिहायचा. “भुतासारखा हिंडतो,” लोक हसायचे. हसू देत. तिथं तो एकटा हिंडत नव्हता, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

मालकानं एकदा विचारलं, “तुझ्या प्रत्येक गोष्टीत शेवटी कुणीतरी घरीच कसं येतं रे? लोकांना मरण लागतं.”

“मरण लोकाला घरीच फुकट मिळतं,” मार्तंड म्हणाला.

या पिच्चरमध्ये स्टुडिओवाल्यांनी त्याची सगळी भाषा धुऊन शुद्ध केली. ते त्यानं होऊ दिलं. पण शेवटी परत आलेला नवरा नखानं दार खरवडतो आणि हळूच विचारतो, “मांजर हाय का घरात?” तिथं तो अडून बसला. हे बदलायचं नाही. “हाय”चं “आहे” करायचं नाही. पाहिजे तर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. वाक्य राहिलं.

गावी, चाकूरकडं जाणाऱ्या मोटारीत ग्यानोबा धोतरावरचे तंतू वेचत बसला. मार्तंडच्या डोक्यात मात्र प्रसंग जुळत होता. धंदाच तो. वैनीला सांगायचं की शिवलिंग भेटला होता. तापानं फणफणलेला. माझ्या मांडीवर गेला. जाताना म्हणाला, तिला सांग, वाट बघू नको. झालं! बाई रडेल, मोकळी होईल, पोळ्याआधी पाट लागेल. कुणाचं काही बिघडत नव्हतं. प्रसंग इतका चोख होता की मालकानं मिठी मारली असती.

फक्त त्याला आवाज येईना. ताप आलेल्या शिवलिंगचा श्वास कसा लागत असेल ते तो ऐकायला गेला. काही नाही. मरणारा शिवलिंग त्याला कधीच ऐकू आला नव्हता. यायचा तो दारातलाच.

महानंदा ओट्यावर बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. मागं दार सताड उघडं. त्याला बघून ती उठली आणि तिनं त्याच्या खांद्यावरून वाटेकडं बघितलं. वाटेवर ग्यानोबाच होता.

“एकलेच आलात, भावजी?”

“हाव.”

“कुठं हायत ते सांगू नका. भिंतीला बी कान असतेत. नुसतं खाऊन-पिऊन हायत का, तेवढं सांगा.”

“वैनी, मला शिवलिंगदादा भेटला न्हाई.”

ती हसली. “माझ्यापाशी बी लपवून राहिले? मांजराचं त्यायला अन् मला मालूम. तिसऱ्याला न्हाई. त्यायनं सांगितल्याबिगर तुम्हाला कसं कळलं?”

“मी भिंतीपल्याड सोप्यात झोपायचो.”

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली.

“झोपायचो म्हणजे, झोपायचो न्हाई,” मार्तंड म्हणाला. “त्यो मळ्यातून येईपस्तोर जागा असायचो. पायाचा आवाज यायचा. मंग नखाचा. मंग त्ये. मला लई बरं वाटायचं ते ऐकून. मंगच झोप लागायची. त्यो गेला तरी ते ऐकायची सवय जाईना, वैनी. म्हणून लिहून राहिलो. दुसरं काही न्हाई.”

गोठ्यात वासरू हंबरलं. ग्यानोबानं तोंड दुसरीकडं केलं.

“न्हाई भेटले,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“कव्हाच?”

“कव्हाच न्हाई.”

ती खाली बसली नाही, रडलीही नाही. “त्यांचा सदरा नेला जवानांनी. हातातलं कडं गेलं, शेत सावकाराकडं गेलं. माझ्यापाशी तेवढंच व्हतं, भावजी. ते बी तुम्ही तंबूत तिकीट लावून दाखवलं. लोक शिट्ट्या मारत व्हते.”

मार्तंडनं चपला काढून ओट्याखाली ठेवल्या.

“अन् आतली बाई?” तिनं विचारलं. “ती पळत काय येती, गाणं काय म्हणती! मी तसलं न्हवते करत. मी आतून जबाब देत व्हते. त्यो कामून न्हाई लिहिला?”

“ऐकू यायचा न्हाई. तुम्ही लई हळू बोलायच्या.”

“कधीच न्हाई आला?”

“भिंतीला कान लावून बघितला. न्हाई आला.”

तिनं त्याच्या तोंडाकडं रोखून बघितलं, दाण्यातला खडा शोधावा तसं. मग तिचा श्वास सुटला.

“बरं झालं,” ती म्हणाली.

मार्तंडच्या जिभेवर प्रश्न आला. काय म्हणायच्या तुम्ही? हातसुद्धा खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. तो हात त्यानं तिथंच आवळून धरला.

महानंदानं कडी ओढून दार लावलं. बाहेरच्या अंगाला, पुरुषाच्या छातीएवढ्या उंचीवर, लाकडावर बारीक बारीक ओरखडे होते, एकावर एक, रोजचे. मार्तंडनं ते आयुष्यात प्रथमच पाहिले. इतकी वर्षं नुसता ऐकत होता.

“मंग देवणीला...” ग्यानोबा चाचरत म्हणाला.

“सांग. पोळ्याच्या आत या म्हणावं.” ती गोठ्याच्या कोपऱ्यातून गाडगं घेऊन आली, त्यात गेरू कालवला, चिंधीचा बोळा बुडवला आणि दार रंगवू लागली. कडेपासून सुरुवात केली, मधल्या जागेकडं सावकाश येत गेली. “भावजी, गाडगं धरा.”

त्यानं धरलं. गेरू ओरखड्यांत उतरला. लाकूड लाल झालं आणि रेघा आणखीच गडद दिसायला लागल्या. तिनं परत बोळा बुडवला. तिसऱ्या हाताला त्या बुजल्या, किंवा उन्हं उतरली होती म्हणून दिसेनाशा झाल्या. लातुरात आता तंबूच्या दाराशी माणसं जमू लागली असतील.

मार्तंडनं गाडगं खाली ठेवलं आणि दाराकडं एक पाऊल टाकलं. बोट उचललं.

“वलं हाय अजून,” महानंदा म्हणाली. “हात लावू नका.”