पितळी गरुड

माझा नवरा रवींद्र अमेरिकेत नोव्हाय गावी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो आणि शनिवारी रोमन सैनिक होतो. सुरुवातीला मी पोट धरून हसले. हौशी लोकांच्या गटाने रोमन वेश करून पार्कात ढाली घेऊन कवायत करायची आणि मग बार्बेक्यू. पण ऑफिसात ज्याचं नाव कुणाला धड घेता येत नाही, त्याला तिथे निशाण धरायचा मान मिळाला होता. काठीवरचा पितळी गरुड. रोमन सैन्यात गरुड गमावला की अब्रू गेली, म्हणून तो आमच्या बेसमेंटमध्येच राहायचा.

हळूहळू खेळाचं बंड झालं. त्यांचा म्होरक्या डेल म्हणायला लागला, आम्ही सरकार मानत नाही. ढालींमागे खऱ्या बंदुका आल्या. एकजण सोडून गेला, तर त्याचं गॅरेज जळालं. रवींद्रची झोप उडाली. सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला, आणि तिथे विचारतातच, कुठल्या सशस्त्र गटात होतात का?

"पाठदुखीचं सांगतो आणि गरुड परत करतो," तो म्हणाला.

तेवढ्यात दसरा आला. मी लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर, गाडीच्या किल्ल्या पूजेला मांडल्या. एवढं चकचकीत पितळ खाली धूळ खात पडलेलं मला बघवेना. गरुड तो गरुड, विष्णूचं वाहन. वर आणला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी हौसेने तो फेसबुकवर चढवला. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला मी.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी डेल सात-आठ जणांना घेऊन दारात उभा. फोटोत चपला दाराबाहेर काढलेल्या दिसल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी बूट काढले. डेल देवघरासमोर गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"या घराने आमच्या गरुडाला देव मानलं," तो म्हणाला. "आता तो दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही."

"डेल, माझी पाठ..." रवींद्र म्हणाला.

"काठीला आम्ही हात लावू. उद्या तुझा इंटरव्ह्यू ना? तूच सांगितलं होतंस. एकटा जायचं नाहीस. आम्ही सगळे येतोय. गरुड पुढे, ढाली मागे."

बाहेर त्यांचे ट्रक आमच्या गाडीला आडवे लावलेले होते. रवींद्रने माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं, पण तो सगळ्यांसाठी सतरंजी अंथरायला वळला. मी लाडू आणायला आत गेले, कारण पाहुणे आले होते आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.