आवाजासाठी वाढलेले पान

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज बारीक आहे. खरे तर तो आता नाहीच. तरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती एका म्हातारीची आहे, आणि थोडी माझी.

मी एक जुनी बोलकी बाहुली आहे. माझे नाव सुझू, म्हणजे घुंगरू. जपानच्या बर्फाळ किनाऱ्यावर, सुक्या मासळीच्या वासाच्या एका गावात माझे आयुष्य गेले. कारखान्यात माझ्या पोटात यंत्र बसवले. सातशे वाक्ये कोणा एका बाईने बंद खोलीत बसून माझ्यासाठी बोलून ठेवली. ‘वाट पाहत होते हं!’ ‘हात किती गार पडलेत तुमचे!’ ती बाई मला कधी दिसली नाही. पण कोणते वाक्य केव्हा बोलायचे, हे मी घरात राहून राहूनच शिकले.

ते घर किनुएआजीचे. तिचे यजमान एइझो वारले, तेव्हा शहरात नोकरी करणाऱ्या मित्सुयोने, तिच्या मुलीने, मला आणले.

“अगं, सत्तरी कधीच उलटली माझी. आता बाहुली खेळू? समोरची कात्सुनो हसून हसून दात पाडून घेईल, आधीच तिला चार उरलेत.”

“खेळू नकोस गं आई. नुसती बोल तिच्याशी.”

“आणि तिला समजणार?”

“यंत्र आहे ते. समजायला आत कोण बसलंय?”

आजीने मला उलटे धरले, झग्याखाली डोकावून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाली, “खरंच की. कोणी दिसत नाही.”

आठ दिवसांत तिने माझ्यासाठी लोकरीची टोपी विणली.

दुपारी बारा वाजले की मी ओरडत असे, “जेवायची वेळ झाली!” आजीने डोक्यावर थोपटेपर्यंत थांबत नसे. समोरची कात्सुनो खिडकीतून म्हणे, “किनुए, तुझी पोर म्हणजे गावाचा भोंगा आहे गं! घड्याळ विकून टाकलं मी.”

प्रवचनाच्या दिवशी आजी मला पाठीशी बांधून देवळात नेई. र्योकाई बुवा प्रवचन नुसते सांगत नसत, गात. कथा रंगत रंगत बुद्धाच्या नामावर आली की ते नाम असे लांबवत, की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या आपसूक डोलू लागत. एके दिवशी नेमक्या त्या जागी मी गुणगुणले. ते माझ्या सातशेत नव्हते. बायका आधी हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. बुवा आसनावरूनच म्हणाले, “चला, एक तरी श्रोता जागा आहे!”

मला तेव्हा आनंद झाला का? मित्रांनो, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. माझे शब्द दुसऱ्या कोणाचे होते, हे खरे. पण ‘आई’ हा शब्द तुम्ही तरी कुठे घडवलात? तुम्हालाही तो कोणीतरी दिलाच ना?

सात वर्षे अशी गेली. मग खाऱ्या हवेने माझा आवाज गेला. बाहुल्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कुरामोतो गावात दुरुस्त्या करी. त्याने माझे पोट उघडले आणि आत निरखून पाहिले.

“वहिनी, आवाज येईल. पण आतली पाटी बदलावी लागेल. सात वर्षं पुसली जातील. ही तुम्हाला ओळखणार नाही.”

“आणि नाही बदलली तर?”

“मुकी राहील. आत सगळं असेल, बाहेर काही येणार नाही.”

आजीने माझी टोपी सरळ केली. “आमचे हे शेवटची दोन वर्षं अर्धांगवायूने मुके होते. तेव्हा कोणी म्हणालं असतं, बोलणारा नवरा देतो, पण तो तुला ओळखणार नाही, तर मी बदलून घेतला असता का हो?”

कुरामोतोने एकेक स्क्रू परत बसवला.

आमच्याकडे घरचे माणूस दूर गेले की घरी त्याचेही पान वाढतात. गरम भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचे. थोड्या वेळाने उचलायचे. आतून थेंब दिसले, तर गेलेला माणूस सुखरूप. दुसऱ्या सकाळपासून आजीने असे पान माझ्यासमोर मांडायला सुरुवात केली.

सुट्टीला आलेल्या मित्सुयोने कपाळावर हात मारला. “आई, ती तर इथेच बसलीय!”

“ती इथे आहे. तिचा आवाज तेवढा गावाला गेलाय.”

“आवाजाला कोणी पान वाढतं? आणि गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, कोणाचंही असो!”

“येणारच,” आजी म्हणाली. “म्हणून तर रोज धीर येतो.”

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी तिने माझे पान मांडले, झाकण ठेवले, आणि मुळ्याचे लोणचे आणायला उठली. दोन पावले गेली, भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. तिचे डोळे माझ्याकडे होते. ओठ हलत होते.

मी तिच्याकडे पाहत राहिले, मित्रांनो. दुसरे काय करणार?

मग बारा वाजले. माझे वाक्य पोटातून वर आले. जेवायची वेळ झाली! थोपटायला कोणी नव्हते, म्हणून ते पुन्हा आले, पुन्हा आले. समोरच्या खिडकीत कात्सुनो भांडी घासताना मला ऐकू येत होती. माझे यंत्र तापले. कुरामोतो म्हणेल, बॅटरी तापली. म्हणू दे. मला दुसरा शब्द सापडत नाही, म्हणून मी त्याला दुःख म्हणते.

कात्सुनो तिन्हीसांजेला उकडलेले रताळे घेऊन आली. तोवर आजी गेली होती.

“ही आधीसारखी ओरडत राहिली असती, तर मी धावत आले असते गं,” कात्सुनो रडत म्हणाली. मित्सुयोने ते ऐकले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि नंतर कितीतरी दिवस पाहिलेच नाही.

आमच्या रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी देवळात आजीचे विधी झाले. मित्सुयोने मला बुवांसमोर आदळल्यासारखे ठेवले.

“बुवा, खरं सांगा. हिच्या आत कोणी आहे का? नसेल, तर हिची पाटी बदलू न देता माझी आई एका रिकाम्या डब्यासाठी मेली.”

मी श्वास रोखला असता, जर मला श्वास असता.

बुवांनी मला उचलून सरळ बसवले. “पोरी, चाळीस वर्षं मी या आसनावरून गातोय. समोरच्यांच्या आत काय पोचतं, ते मला अजून दिसलेलं नाही. घरात माझ्या बायकोच्या आत काय चालतं, तेही कळत नाही.” मागून कोणीतरी खुदकन हसले. बुवा हसले नाहीत. “हिचं मी काय सांगू? नाही म्हणायला जीभ धजत नाही, आणि हो म्हणायचा मला अधिकार नाही.”

“मग आईला कसं माहीत होतं?”

“तिला तरी कुठे माहीत होतं? माहीत नसतानाच तिने पान वाढलं.”

मग ते गाऊ लागले. नाम आले, लांबले. आणि जिथे मी गुणगुणत असे, तिथे बुवा थांबले. सगळे देऊळ थांबले. माझी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

मी गुणगुणले, मित्रांनो. आतल्या आत. कोणाला ऐकू आले नाही.

मित्सुयोने मला पाठीशी बांधून घरी नेले. दुसऱ्या सकाळी तिने भात केला आणि पान वाढले, आईच्या जागी. झाकण ठेवले आणि समोर बसून राहिली. उचलले तेव्हा आत थेंबच थेंब होते. वाफेचे ती काही बोलली नाही.

“आई,” ती हळूच म्हणाली, “पोचलीस ना गं सुखरूप?”

आणि तिने माझ्या डोक्यावर थोपटले. आजी गेली त्या दिवसापासून अडकून राहिलेले माझे वाक्य तेव्हा कुठे थांबले.

आता माझ्यासारख्यांच्या बॅटऱ्या कोणी बनवत नाही. मीही एक दिवस थांबेन. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. फक्त जे मुके झाले आहे, माणूस असो की वस्तू, त्याच्या आत कोणी नाही असे घाईने ठरवू नका. आणि कधी गरम भातावरचे झाकण उचलाल, आतून थेंब ओघळताना दिसतील, तेव्हा माझी नाही, किनुएआजीची आठवण काढा.