निर्जळी

आमच्या घरातल्या पुरुषांना तलवारीचं भय नव्हतं, मोरीचं होतं. आज हे हसत लिहिते आहे. त्या दिवशी माझ्या जिवात जीव नव्हता.

सन अडतीसचा दसरा. ग्वाल्हेरला, लष्कर म्हणतात त्या भागातल्या दौलतगंजात आमचं घर. दरबारात आमच्या घराण्याला बसण्याचा मान होता. मान म्हणजे काय, तर डोक्यावर पगडी, अंगात अंगरखा, घट्ट विजार, कमरेला दुसऱ्याने करकचून बांधलेला शेला, आणि असं सगळं लेवून चार-पाच तास मांडी घालून बसायचं. महाराज उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. पोटात दुखो, पायाला मुंग्या येवोत, उठायचं म्हणून नाही. आमच्या सासऱ्यांचं आयुष्य असं बसण्यात गेलं आणि त्यांच्या मागे तो मान माझ्या यजमानांकडे आला. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. लिहिताना घेते, विश्वासराव.

साठी आली आणि त्यांचं काहीतरी बिघडलं. रात्रीतून चार-पाचदा उठायचे. मोरीत पाव पाव तास बसून राहायचे, बाहेर यायचे आणि पाठ टेकते न टेकते तो पुन्हा आत. मी अंथरुणात जागीच असायची. धार ऐकू यायचीच नाही, नुसते थेंब. काय होतंय विचारलं की एकच उत्तर, "काही नाही."

अशा माणसाने दरबारात पाच तास कसं बसायचं? त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. अष्टमीच्या रात्रीपासून पाण्याला तोंड लावायचं नाही. आतच काही गेलं नाही तर बाहेर काय यायचं, असा हिशेब. पहिल्या वर्षी नवमीला घरी आलेल्या कान्होजीरावांनी पाहिलं की हे पाणी नको म्हणताहेत. कान्होजीराव म्हणजे यांचे थोरले चुलतभाऊ, जुने रिसालदार, आवाज असा की कुजबुजले तरी नया बाजारात ऐकू जावं. त्यांनीच ठरवून टाकलं की विश्वासरावांनी देवीचा निर्जळी उपवास धरला आहे. हे खोटं बोलले नाहीत, फक्त गप्प राहिले. पुढच्या वर्षापर्यंत लष्करभर बोलबाला झाला. आयाबाया माझ्याकडे येऊन त्यांच्या नेमाचं कौतुक करायच्या, आणि मी मान खाली घालून पानसुपारी पुढे करायची.

एकदा मी म्हटलं, निदान वैद्यांना तरी विचारू. तेव्हा त्यांनी माझा हात धरून आपल्या गळ्याला लावला आणि म्हणाले, यातला एक शब्द बाहेर गेला तर माझ्या गळ्याची आण आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता हसाल तुम्ही, पण आण मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्याच जिवावर बेततं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि खरं मानत होते.

तर तो दसरा. दरबारातून दुपारी परत आले तेव्हा ओठ फुटलेले, चेहरा मातीसारखा. दौलतसिंहाने, म्हणजे आमच्या दारावरच्या जुन्या माणसाने, शेला सोडला. उपवास सुटला म्हणून बैठकीत जमलेल्या मंडळींच्या देखत त्यांना दोन मोठे पेले सरबत प्यावं लागलं. मग ते मोरीत गेले. बराच वेळ झाला. बाहेर आले ते भिंतीला हात लावत. मी जवळ गेले तर म्हणाले, आदल्या रात्रीपासून थेंबसुद्धा नाही.

मी मूर्ख. वैद्यांकडून माझ्यासाठी म्हणून आणलेला गोखरूचा काढा घरात होता. लघवी साफ होते म्हणतात ना, मग मी वाटीभर करून पाजला. अर्ध्या तासाने आणखी एक वाटी. दार बंद, पाणी बाहेर येईना म्हणून मी वरून आणखी पाणी ओतत होते. ऊन पाण्यात बसवलं, ओटीपोटावर पळसाच्या फुलांचा शेक दिला. हाताला ओटीपोट लागलं ते दगडासारखं. बेंबीपर्यंत वर आलं होतं. मी घाबरून हात काढून घेतला.

डॉक्टरला बोलावू म्हटलं. नाही म्हणाले. दसऱ्याच्या दिवशी दारात डॉक्टरचा टांगा? लोक विचारतील काय झालं. विचारलं तर सांगणार काय? मी देव्हाऱ्यापुढे जाऊन डोकं टेकलं, परत आले, पुन्हा विनवलं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, अंगरखा सारखा केला आणि बैठकीत जाऊन बसले, कारण सोनं द्यायला माणसं यायची वेळ झाली होती.

माणसं आली, येतच राहिली. शमीची पानं हातात द्यायची, पाया पडायचं, दोन शब्द बोलायचं. मी बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागे उभी. आमच्या घरात बायकांनी पुरुषांच्या बैठकीत पाऊल टाकायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षांत मी त्या खोलीचा गालिचा उंबऱ्याच्या अलीकडूनच पाहिला होता. चिकातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. कपाळावरून घाम वाहत होता आणि दर थोड्या वेळाने डोळे मिटले जात होते. कुणी वाकलं की हे हात जेमतेम वर करायचे.

मी दौलतसिंहाला आत बोलावलं. कंपू भागातल्या दवाखान्यातून डॉक्टरला घेऊन ये, मागच्या दाराने आण, म्हटलं. तो बिचारा रडकुंडीला आला.

"बाईसाहब, मालिक ने मना कर रखा है। मेरी हिम्मत नहीं।"

मग मी बैठकीत यांना निरोप पाठवला, आत बोलावलंय, जरूरीचं काम आहे. त्यांनी नुसता हात हलवला. कळलं, पण येत नाही. मुलगा इंदूरला शिकायला. घरात कर्ता असा दुसरा पुरुष नाही. बोलले तर आण मोडते, न बोलले तर माणूस मरतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या पाहिलं. त्यांच्यावर मला इतका राग आला की आजही आठवला तर दातओठ खावेसे वाटतात. बायको विधवा झाली तर चालेल, पण लोकांना कळलेलं चालणार नाही. याला काय अब्रू म्हणायचं?

कान्होजीराव सगळ्यांत शेवटी आले. बसले, आणि तिथे असलेल्या तरण्या पोरांना उपदेश सुरू केला. याला म्हणतात निष्ठा, तुम्हाला एक वेळचा चहा सुटत नाही, विश्वासरावांकडून शिका. मग केशर घातलेलं दूध मागवलं आणि मोठा पेला भरून आपल्या हाताने यांच्या तोंडाशी नेला. थोरल्या भावाचा हात. नाही कसं म्हणणार? यांनी पेल्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी चिक बाजूला केला. पदर डोक्यावर होता की नव्हता, आठवत नाही. गालिच्यावर पाय पडला तेव्हा तो मऊ आहे एवढं मात्र कळलं. सगळे उठून उभे राहिले. मला वाटतं घाबरूनच.

"भावोजी, तो पेला खाली ठेवा," मी म्हटलं. "हा उपवास नाही. यांना लघवी होत नाही. दोन वर्षं झाली, नीट होत नाही. काल रात्रीपासून तर थेंब नाही. आत्ता दवाखान्यात नेलं नाही तर हे मरतील."

 लघवी हा शब्द त्या खोलीत कुणी कधी उच्चारला नसेल, आणि बाईने तर नाहीच. कान्होजीरावांच्या हातातून दूध गालिच्यावर सांडत होतं आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही मारलं नव्हतं. त्या नजरेपेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, मोडली आण, आता हे इथेच जातात. पण तेवढ्यात दौलतसिंह पुढे झाला, पोराला उचलावं तसं त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि टांग्याकडे धावला. मालकाने मना केलेलं तो बहुधा विसरला, किंवा मला वाटतं, तो कुणीतरी बोलण्याचीच वाट पाहत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि तडक रबराची नळी मागवली. मला बाहेर उभं केलं. आतून यांचा एक आवाज आला, तो मी विसरलेली नाही. मग तामचिनीच्या भांड्यात धार पडायला लागली. किती वेळ पडत होती. मी दाराशी भिंतीला टेकून ती धार ऐकत रडले. देवळातली घंटा ऐकून मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

नंतर डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. या वयात पुरुषांची आतली एक गाठ वाढते, मूत्राची वाट दाबली जाते, हा रोग आहे, पाप नव्हे. पाणी तोडायचं नाही. लागली तर दाबून धरायची नाही, दरबार असो की आणखी काही. अडली तर काढे पाजायचे नाहीत, तिथल्या तिथे दवाखान्यात आणायचं. आणखी सहा तास गेले असते तर मूत्रपिंडांनी हात टेकले असते. थंडीत शस्त्रक्रिया करू, तोवर इथेच नळी ठेवून राहा. मी सगळ्याला मान हलवली.

यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पाच दिवस. मी घरून पेज घेऊन जायची, ते भिंतीकडे तोंड करून प्यायचे. वाटी परत देताना बोटाला बोट लागणार नाही अशी द्यायचे. वाचवला तर वाचवला, पण कुणाला वाचवलं, असं माझ्या मनात यायला लागलं. पूर्वी निदान "काही नाही" एवढं तरी म्हणायचे.

आता माझं सांगायला हवं. इतका वेळ पुरुषांच्या लाजेवर तोंड सोडलं, तर दुसऱ्याचं कुसळ आणि आपलं मुसळ, अशी गत नको. धाकटी मुलगी झाली, तेव्हापासून माझं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं. बारा वर्षं. पहिल्यांदा फक्त कळशी उचलली की, मग चालताना, मग कायमच. आत ढकलायचं आणि फडक्याची घडी घट्ट बांधायची. खोकला आला की लुगडं ओलं. फडकी मी मागच्या अंगणात लुगड्याखाली वाळत घालायची. आईला सांगितलं नाही, जावेला नाही, सुइणीलाही नाही. गोखरूचा काढा मी माझ्यासाठी म्हणून आणला होता, तेव्हा वैद्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काय होतंय? तेव्हाही मी अंगाचं नाव काढलं नाही.

सहाव्या दिवशी त्यांच्या खाटेपाशी कान्होजीराव आणि आणखी दोघे भेटायला आले होते. मी पदर ओढून कोपऱ्यात उभी होते. बायकांच्या बाजूच्या डॉक्टरीणबाई, मंदाताई म्हणत त्यांना, कसल्यातरी कागदासाठी तिकडे आल्या. जाता जाता थांबल्या. मला म्हणाल्या, "मी पाहते आहे, सहा दिवस झाले, तुम्ही स्टुलावर बसतच नाही. बिलकुल उभ्या. तुमची तबियत ठीक आहे ना?"

"काही नाही," मी म्हटलं. "सवय आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि वळल्या. आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस उठून बसला. नळी लावलेली, केस विस्कटलेले, अंगात दवाखान्याचा सदरा.

"खोटं बोलताहेत," ते म्हणाले. पाच दिवसांनी आलेला आवाज, घोगरा, पण वॉर्डभर ऐकू जाईल असा. "बारा वर्षं झाली, यांचं अंग बाहेर येतं. बांधून फिरतात. चुलीपुढे बसवत नाही, उभ्याने भाकऱ्या करतात. तपासा यांना."

कान्होजीराव खिडकीकडे पाहायला लागले. शेजारच्या खाटेवरचा बनिया पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपून गेला. माझे कान तापले. दीराच्या देखत, परक्या पुरुषांच्या देखत. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, आणि मग असा संताप आला की तो दाबता येईना.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"माझ्या उपवासाचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

 बारा वर्षं मागच्या अंगणातली ती फडकी त्यांना दिसत होती, आणि दोन वर्षं मोरीतले ते थेंब मी ऐकत होते. एका छताखाली दोघं जण एकमेकांचं सगळं जाणून गप्प बसलो होतो आणि त्याला आम्ही संसार म्हणत होतो. मला रडू फुटलं. ते रागाचं होतं की कशाचं, तेव्हा कळत नव्हतं, आताही नीट सांगता यायचं नाही.

मंदाताईंनी माझा दंड धरला. चला, म्हणाल्या, अंग आत धरून ठेवणारी रबराची एक कडी बसवली की निम्मं दुःख आजच जाईल, पुढचं पुढे पाहू. मी निघाले. दाराशी पोहोचले तेव्हा मागून यांनी हाक मारली आणि म्हणाले, परत आलात की इथे स्टुलावर बसा, मी जागा आहे.