घासलेली दुर्बीण

जुन्या फौजी सामानाच्या बाजारात पारखीणबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, पण दुर्बीण हातात आली की तिचं कूळ-मूळ सांगायच्या. जीभ मात्र कात्रीसारखी.

त्या दिवशी व्याही दुकानात आले. त्यांचे वडील फौजेत टेहळणीला होते. वडिलांच्या लढाईच्या गोष्टी ते दर भेटीत सांगत आणि पारखीणबाई दर भेटीत जांभई देत. आता वडिलांची फौजेतली दुर्बीण शाळेच्या प्रदर्शनात त्यांच्या नावासकट मांडायची होती. विहीणबाईंनी एकदा खरी म्हटलं की झालं. नुकतीच माहेरी राहून आलेली सूनबाई चहा घेऊन मोठ्या उत्साहानं उभी होती. शेजारचा घड्याळजी आणि एकदोन गिऱ्हाइकं माना लांब करून बघत होती.

व्याह्यांनी फडकं सोडलं. आत लखलखीत पितळ! तेच आधी दचकले. लेकीकडे बघितलं, मग मान खाली घातली.

"अगंबाई! ही लढाईवर गेली होती की लग्नाला?"

घड्याळजी फिस्सकन हसला. ऐकणारं कुणी असलं की बाईंच्या जिभेला धार चढायची.

"फौजेची दुर्बीण काळी असते, व्याहीबुवा. चमकली तर शत्रूला आमंत्रणच की! असला चकचकीत माल बैठकीत मांडायला बनवतात. फौजेचा शिक्का तरी कुठाय?"

"एकदा डोळ्याला लावून तर बघा, विहीणबाई."

"काही गरज नाही. शितावरून भात कळतो मला. दुर्बीण खोटी. आणि दुर्बीणच खोटी, तर तुमच्या वडिलांची लढाई तरी कुठली खरी?"

हे शेवटचं बोलायला नको होतं, पण जिभेला हाड नसतं. सूनबाईनं तोंड उघडलं, तर वडिलांनी डोळ्यांनीच दटावलं. तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटून, चहाला हात न लावता ते पायऱ्या उतरले. दुर्बीण तिथंच राहिली.

संध्याकाळी सूनबाई भांडी विसळताना हुंदके देत होती.

"आई, ती मीच घासली. बाबांना न सांगता. काळं पितळ म्हणजे घरातल्या बाईची लाज, असं तुम्हीच म्हणता ना? बाबांचा मान होणार म्हणून जीव तोडून घासली हो!"

"मग दुकानात मिठाची गुळणी धरून का उभी राहिलीस?"

"बाबा म्हणाले, 'खोटा मी ठरतो. सासरी तुझं हसं नको.'"

पारखीणबाईंनी दुर्बिणीची डोळ्याकडची कडी फिरवून काढली. आट्यांमध्ये जुना काळा रंग घट्ट बसलेला होता; शिक्का वरच्या रंगाबरोबरच घासून गेला असणार. मग त्यांनी ती पुन्हा बसवली आणि डोळ्याला लावली. उजव्या नळीत, काचेवर, केसाएवढ्या बारीक रेघांची मोजपट्टी होती. सैनिकाला अंतर जोखायला असते तशी. शोभेच्या मालात ती कुणी घालत नाही. व्याह्यांनी एवढंच तर मागितलं होतं, एकदा बघा म्हणून.

सकाळी त्या आपण होऊन व्याह्यांच्या दारात गेल्या.

"दुर्बीण खरी आहे. चुकले मी. सगळ्यांसमोर सांगते."

"नको, विहीणबाई. रंग कुणी काढला, विचारतील. पोरीचं नाव येईल. खोटीच राहू द्या."

"आणि तुमचे वडील?"

व्याह्यांनी भिंतीवरच्या, दुर्बिणीच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. "ते घेतील समजून."

चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोप्या गेल्या असत्या.

दुकानात परतल्यावर त्यांनी घड्याळजीला हाक मारली. कालची गिऱ्हाइकंही गोळा केली. "डोळा लावून बघा. आत मोजपट्टी आहे. दुर्बीण अस्सल. मी काल न बघताच बोलले."

"मग रंग कुठं गेला?"

"माझ्या शिकवणीनं गेला. हात कुणाचा, ते विचारायचं नाही."

"वा! पारखीणबाईंनी फौजेला कल्हई केली!" घड्याळजी पोट धरून हसला. त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे शब्द ओठांवर आले होते. बाईंनी गिळले.

दुपारी बाईंचा निरोप मिळाल्यावर व्याही दुर्बीण न्यायला आले. या वेळी त्यांनी चहा घेतला. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"व्याहीबुवा, हिच्यातून तुमच्या वडिलांनी काय काय पाहिलं, सांगा ना."

व्याह्यांनी कप बशीत उपडा ठेवला. फडक्याची गाठ नीट आवळली.

"सांगेन कधीतरी," म्हणाले, आणि उठले.