बोटीवर बाईचा पाय

"हळू. अंगावर सांडशील," मी म्हणाले आणि बाटलीचं भरलेलं झाकण धर्मेशच्या ओठाला मीच लावलं. सकाळपासूनचं हे दुसरं. माझा अडतीस वर्षांचा मुलगा, बोट चालवणारा तांडेल, पाटावर बसून डोळे मिटून प्यायला. मग आम्ही दोघं त्याच्या हातांकडे बघत बसलो. हळूहळू ते थरथरायचे थांबले.

"झालं," मी म्हणाले. "आता दुपारपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही."

सून हेमाली दारात नारळाला हळदकुंकू लावत होती. नारळी पुनव काल झाली होती. दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आमच्या आगर वस्तीच्या बोटी आज दुपारच्या भरतीला निघणार होत्या.

"दुपारनंतर बोट कुठे असेल, आई?" तिने मान वर न करता विचारलं.

"समुद्रात. तुझ्या बापाच्या अंगणात नाही."

तिने नारळाला कुंकवाचं आणखी एक बोट लावलं. माझ्यापुढे सगळेच गप्प होतात, त्यात काही नवल नाही. नवरा, नारू, गेला तेव्हा धर्मेश अकरा वर्षांचा होता. डोक्यावर टोपली घेऊन डहाणूच्या बाजारात मी वीस वर्षं मासळी विकली आणि बोट हातची जाऊ दिली नाही. नारूची बायको म्हटलं की बाजारातले गुजराती शेठसुद्धा नीट बोलायचे. अशा घरात दारुडा निपजला हे मी कुणाला का सांगू?

डॉक्टरकडे नेला होता मी. लपवून, लांबच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "एकदम बंद करू नका, झटके येतील. दहा दिवस इथे दाखल करा, आम्ही औषधाने सोडवू." तिथली नर्स आमच्या शेजारच्या गल्लीतली निघाली. मी डॉक्टरांचं पहिलं वाक्य पदरात बांधलं आणि दुसरं तिथेच सोडून आले. तेव्हापासून दमणच्या दारूची बाटली माझ्या पेटीत, आणि मोजून झाकण द्यायचं काम माझं. मला वाटलं, माझ्या हाताने दिली की ती माझ्या मुठीत राहील.

मे महिन्यात खोल समुद्रात जाळं ओढताना धर्मेशने भलत्या वेळी इंजिन पुढे घेतलं. लहान्या नावाच्या खलाशाचा हात दोरीत आवळला. दोन बोटं गेली. मी गावभर सांगितलं, दोरी सडकी होती, दुकानदाराने फसवलं. माझ्या तोंडाला कोण लागणार? सगळ्यांनी मानलं. लहान्यानेही मानलं, निदान तसं म्हणाला.

दुपारी किनाऱ्यावर ढोल वाजत होता. पाणी चढत होतं आणि बोटी एकेक करून हलायला लागल्या होत्या. इंजिन सांभाळणारा मनिष, माझा पुतण्या, मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, बाटली मी ठेवलीय. झाकणं पण मोजून देईन. पण वाढवणच्या खडकांजवळ हात थरथरला, तर मी इंजिन बघू की त्याला पाजू?"

"तू तोंड बघ स्वतःचं. शकुनाच्या दिवशी काय बोलतोस?"

तेवढ्यात बायजी आली. लहान्याची आई. तलासरीकडून दोन गाड्या बदलून आली होती. बरोबर धाकटा मुलगा होता, धाकल्या, भावाच्या जागी जायला. पंचवीस वर्षांचा धडधाकट बाप्या, खांद्यावर चादरीची वळकटी. बायजी सगळ्यांना एकेरीच बोलते, मलासुद्धा.

"तू सांगलास दोरी सडली होती. मी मानला," ती म्हणाली. "आता माझा एवढाच हातपायाने धड आहे. तू सांग, चढू दे का याला?"

ढोल वाजतच होता. आजूबाजूच्या बायका आमच्याकडे बघत होत्या.

"नवी दोरी आणलीय," मी म्हणाले. "चढ रे धाकल्या."

तो चढला. बायजीने मान हलवली आणि वाळूत बसली. एवढंच. माझ्या शब्दावर बसली.

धर्मेश बोटीच्या टोकाशी नारळ घेऊन उभा होता. तांडेलाने नारळ पाण्याला द्यायचा, मग नांगर उचलायचा. मला लांबूनच दिसलं. नारळ त्याच्या हातात हलत होता. उन्हामुळे म्हणा, घाईमुळे म्हणा, झाकणाचा असर आधीच संपला होता. त्याने नारळ छातीशी घट्ट धरला आणि गर्दीत मला शोधलं. मी दिसले तसे त्याचे ओठ किंचित उघडले. पक्ष्याचं पिलू चोच उघडतं तसे.

त्याच्याशिवाय चार माणसं त्या बोटीवर. आणि पाच दिवस खोल समुद्र.

आमच्या वस्तीत बाईमाणसाने बोटीवर पाय ठेवायचा नाही. पाय लागला की ती भरती गेली. बोट निघत नाही, भगत आल्याशिवाय आणि नव्याने पूजा झाल्याशिवाय नांगर उचलत नाहीत. मी स्वतः हेमालीला एकदा नुसता काठाला हात लावला म्हणून फटकारलं होतं.

मी लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यात उतरले.

"काकी, कुठे?" मनिष बोटीवरून ओरडला.

"हात दे."

"काकी, बोटीवर नाही..."

"हात देतोस की कानफटात देऊ?"

त्याने ओढून घेतलं. मी जाळ्यांवरून गुडघ्यांवर सरकत मागे गेले आणि सुकाणापाशी, तांडेलाच्या जागेवर, मांडी घालून बसले. ढोल थांबला. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, "नारूच्या बायकोला वेड लागलं."

"वेड नाही लागलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा मुलगा दारू पितो. मीच पाजते. लहान्याची बोटं दोरीने नाही गेली. बायजी, तुझ्या मुलाला घेऊन जा."

बायजी उठली, पाण्यापर्यंत आली, धाकल्याला मनगटाला धरून उतरवलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने बघितलंसुद्धा नाही. बाकीचे दोघे खलाशी आपापली गाठोडी घेऊन दुसऱ्या बोटींकडे चालत गेले. धर्मेश नारळ पोटाशी धरून खाली बसला होता आणि थरथरत होता.

हेमाली पदर आवळून कमरेएवढ्या पाण्यात आली.

"याचे दोन कपडे भर," मी म्हणाले. "दवाखान्यात नेऊ."

"भरलेत, आई."

"कधी?"

"मे महिन्यात."

ती काठाला हात लावून उभी राहिली. या वेळी मी तिला फटकारलं नाही. बाकीच्या बोटी लांब निघून गेल्या. आमच्या बोटीखालचं पाणी उतरत गेलं, आणि बोट एका अंगाला कलून चिखलात बसली.